शिक्षकाने तग धरावा तो कशाच्या बळावर?

द्वितीय वर्ष कला

संकटात सापडलेला माणूस मोडून न पडता पुन्हा उभा राहतो, त्या गुणाला मानसशास्त्रात 'रेझिलियन्स' म्हणतात. मराठी पुस्तकांत त्यासाठी कोठे 'लवचिकता', तर कोठे 'कणखरपणा' असे शब्द योजलेले आढळतात. मला दोन्ही पुरेसे वाटत नाहीत. लवचीक वेताची छडीही असते आणि कणखर दगडही असतो. आमच्याकडच्या माणसांच्या तोंडी यापेक्षा चांगला शब्द आहे, तो म्हणजे तग. पाऊस गेला तरी पिकाने तग धरला, असे आपण म्हणतो. रब्बीची ज्वारी भाद्रपद-आश्विनात पेरतात. पुढे पाऊस नावापुरताच असतो. तरीही माघ-फाल्गुनात कणसे भरतात, ती काळ्या जमिनीने पावसाळ्यात पोटात साठवलेल्या ओलीवर. तेच बियाणे मुरमाड रानात टाकले, तर पीक पोटऱ्यात येण्याआधीच करपते. अशा वेळी शेतकरी बियाण्याला नावे ठेवत नाही. रानात ओल नव्हती, एवढेच म्हणतो.

शिक्षकांविषयी बोलताना आपण हे शहाणपण विसरतो. पाच सप्टेंबरला भाषणे होतात. शिक्षक हा दीपस्तंभ आहे, शिक्षक ही स्वतः जळून इतरांना प्रकाश देणारी मेणबत्ती आहे, असे सांगितले जाते आणि टाळ्या पडतात. मेणबत्ती जळून संपते आणि मग दुसरी आणावी लागते, याचा विचार त्या टाळ्यांत कोणाच्या मनात येत नाही. जो शिक्षक टिकला तो थोर आणि जो खचला तो कच्चा, अशी आपली सरळ वाटणी असते. ती चुकीची आहे असे मला वाटते. बियाण्याइतकीच जमिनीची चौकशी केली पाहिजे, एवढेच या लेखात मांडायचे आहे.

हा विषय निवडण्यास एक स्वार्थाचे कारणही आहे. आपल्या महाविद्यालयातील माझ्या वर्गात "पुढे काय करणार?" असे विचारले तर निम्म्या बाकांवरून "बी.एड." असे उत्तर येते. आमच्या घरात दहावीच्या पुढे शिकलेली मी पहिलीच. आम्हां अनेकांना जवळून पाहायला मिळालेला एकमेव शिकलेला माणूस म्हणजे शाळेतले गुरुजी किंवा बाई. तेव्हा त्यांच्यासारखे व्हावे असे वाटणे स्वाभाविक आहे. पण ज्या रानात आपण पेरले जाणार आहोत, ते रान कसे आहे हे आधी पाहायला नको काय?

प्रथम थकव्याविषयी थोडे. सगळा थकवा एका जातीचा नसतो. माझे आईवडील ऊसतोडीला जातात. त्यांचा थकवा मी पाहिला आहे. तो अंगाचा असतो आणि हंगाम संपल्यावर चार दिवस झोप मिळाली की बराचसा उतरतो. शिक्षक, परिचारिका, समाजसेवक यांचा थकवा निराळा असतो, हे अमेरिकेतील हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ साली लिहिले. न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यात मनापासून काम करणारी माणसे काही काळाने आतून विझल्यासारखी होतात, हे त्याने पाहिले आणि त्या अवस्थेला 'बर्नआउट' हे नाव दिले. पुढे ख्रिस्तिना मास्लाच या विदुषीने ती मोजण्याची पद्धत १९८१ साली प्रसिद्ध केली. तिने तीन खुणा सांगितल्या आहेत. पहिली, माणूस आतून रिता होतो. दुसरी, ज्यांच्यासाठी काम करायचे त्यांच्याविषयीच तो कोरडा होतो. तिसरी, आपल्या हातून काही होत नाही असे त्याला वाटू लागते. मराठीत आपण पहिल्या खुणेला शीण म्हणू, दुसरीला विटणे म्हणू. तिसरीला 'आपल्याने काय होणार' हे वाक्यच पुरेसे आहे. मुलांवर विनाकारण खेकसणारे एखादे मास्तर आपल्या प्रत्येकाच्या आठवणीत असतील. ते मुळात दुष्ट होते की विटलेले होते, असा प्रश्न मला आता पडतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये या अवस्थेची नोंद घेतली, ती रोग म्हणून नव्हे. कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ न आवरलेल्या ताणातून उद्भवणारी अवस्था म्हणून घेतली. हा भेद महत्त्वाचा आहे. मास्लाच आणि मायकेल लाइटर यांनी नंतर असेही दाखवले, की माणूस आणि त्याचे काम यांचा मेळ सहा बाबतींत बिघडतो : कामाचा बोजा, कामावरचा आपला ताबा, मोबदला, सोबत, न्याय आणि मूल्ये. यांतली एकही गोष्ट प्राणायामाने सुधारणारी नाही. (प्राणायामाला माझा विरोध नाही. पण शिक्षकांवरील ताण म्हटले की योगासनांचे एक शिबिर भरवून हात झटकण्याची जी रीत पडली आहे, तिच्याविषयी मी बोलते आहे.)

या लेखासाठी मी चार शिक्षकांना भेटले. एक माझ्या वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेतले सर. दुसऱ्या त्याच शाळेतल्या बाई. तिसरे विनाअनुदानित माध्यमिक शाळेतले एक शिक्षक आणि चौथे १९७२ च्या दुष्काळात नोकरीला असलेले, आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे निवृत्त गुरुजी. नावे देत नाही, कारण तिघे अजून नोकरीत आहेत.

आधी द्विशिक्षकी शाळेचा दिवस कसा असतो ते सांगते. कारण शहरातल्या वाचकांना त्याची कल्पना नसते. पहिली ते चौथी असे चार वर्ग, दोन खोल्या आणि दोन शिक्षक. म्हणजे एका शिक्षकाकडे एकाच वेळी दोन इयत्ता. पहिलीची मुले अक्षरे गिरवत असतात, तेव्हा तिसरीला भागाकार समजावून द्यायचा. सकाळी परिपाठ, मग हजेरीपट, मग खिचडीचा तांदूळ मोजून देणे, किती मुले जेवली याची माहिती मोबाइलवर भरणे. पाठाचे टाचण काढायचे. यू-डायसची माहिती वेगळी, शिष्यवृत्तीची वेगळी, आधार जुळत नसलेल्या मुलांची वेगळी. केंद्राच्या व्हॉट्सॲप गटावर 'आज दुपारी दोनपर्यंत' असा निरोप येतो आणि त्यानंतर शिकवण्याचे काही खरे नसते. दोघांपैकी एकजण शिक्षण परिषदेला, प्रशिक्षणाला किंवा मतदार याद्यांच्या कामाला गेला, की उरलेल्याकडे चारही वर्ग येतात. बाई म्हणाल्या, की सर नसतात त्या दिवशी त्या लघवीलाही जात नाहीत, कारण मुलांना सोडून जायचे कसे? ही गोष्ट त्यांनी सहज सांगितली. मला मात्र ती फार वेळ डोक्यातून काढता आली नाही.

शाळेत किमान दोन शिक्षक आणि दोन खोल्या असाव्यात, हे योजना म्हणून यायलाच १९८७ साल उजाडले. त्या वर्षी 'खडू-फळा' योजना सुरू झाली. तिच्यात दुसरा शिक्षक शक्यतो स्त्री असावी असेही म्हटले होते. पुढे शिक्षण हक्क कायद्याने साठपर्यंत पटाच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक ठरवून दिले. त्याच २००९ च्या कायद्याचे सत्ताविसावे कलम सांगते, की दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांखेरीज शिक्षकांना अशैक्षणिक काम देऊ नये. कलम चांगले आहे. पण या तीन अपवादांच्या पोटात काय काय मावते, हे २०२० साली दिसून आले.

त्या वर्षी मार्चच्या मध्यास महाराष्ट्रातील शाळा बंद झाल्या. दहावीचा भूगोलाचा पेपर राहिला तो राहिलाच. पंचवीस मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. माझे आईवडील त्या वेळी पश्चिम महाराष्ट्रातील एका कारखान्याच्या तळावर कोपीत होते आणि मी, धाकटा भाऊ व आजी गावी. लाखाहून अधिक ऊसतोड मजूर असे ठिकठिकाणी अडकून पडले होते. सतरा एप्रिलला शासनाने त्यांना गावी परतण्याची परवानगी दिली. पण परतलेल्यांना ठेवायचे कोठे? गावोगावी उत्तर एकच होते : शाळेत. आमच्या शाळेच्या ज्या खोलीत माझा भाऊ तिसरीत बसत असे, त्याच खोलीत माझे आईवडील चौदा दिवस राहिले. आम्ही कुंपणापासून डबा ठेवून मागे सरायचे. त्यांची नोंदवही लिहिणारे, पाण्याचा टँकर बोलावणारे, "ताप आहे का?" म्हणून दारातून विचारणारे कोण? तर सर. ते तालुक्याच्या गावाहून मोटारसायकलवर येत. घरी त्यांची वृद्ध आई होती, म्हणून ते दोन महिने बाहेरच्या पडवीत झोपले. त्याआधी आठ दिवस त्यांची नेमणूक जिल्ह्याच्या हद्दीवरील नाक्यावर झाली होती. शिक्षक रेशन दुकानापुढे रांगा लावत होते, घरोघर जाऊन सर्वेक्षण करत होते. सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम निघाली, तिच्यातही ते होते. आणि हे चालू असतानाच गावात बोलणे काय होते? "मास्तरांना फुकट पगार."

हे वाक्य चौघांपैकी तिघांनी मला जसेच्या तसे ऐकवले. रोगाची भीती त्यांनी सोसली, पण हे वाक्य त्यांना सोसवले नाही. मास्लाचच्या सहा बाबींतली 'न्याय' ही बाब मला पुस्तकातून नीट कळली नव्हती, ती येथे कळली.

पंधरा जूनला नवे वर्ष कागदावर सुरू झाले. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' असे म्हटले जाऊ लागले. सह्याद्री वाहिनीवर जुलैपासून 'टिलीमिली' ही मालिका लागे, ती आमच्या शेजारच्या घरी मुले खिडकीतून पाहत. वीज असली तर. सरांच्या चौथीच्या वर्गात अकरा मुले होती आणि व्हॉट्सॲप चालेल असे फोन चार. त्यांपैकी दोन फोन दिवसा बापांबरोबर कामावर जात. सरांनी महिनाभर धडे पाठवले. मग कोणी पाहतच नाही हे लक्षात आल्यावर ते स्वतः वस्तीवर येऊ लागले. लिंबाखाली मुले लांबलांब बसवून तासभर शिकवायचे, की पुढच्या वस्तीवर. असे राज्यात अनेकांनी केले. सोलापुरात निलमनगरच्या घरांच्या भिंतींवर धडे रंगवले गेले, जव्हार-मोखाड्याकडे पाड्यांवर ध्वनिक्षेपकातून पाठ ऐकवले गेले. यांच्या बातम्या झाल्या, कौतुक झाले, आणि ते व्हायलाच हवे होते.

सर मात्र त्या महिन्यांविषयी एक अनपेक्षित गोष्ट म्हणाले. नाक्यावरच्या आठ दिवसांनी ते जेवढे गळून गेले, तेवढे वस्त्यावस्त्या फिरून गळाले नाहीत. उलट त्यांची झोप सुधारली. अंतर अधिक, ऊन अधिक, धोकाही थोडाफार होताच. मग असे का व्हावे? मला वाटते, याचे उत्तर पुन्हा त्या सहा बाबींतच आहे. नाक्यावर ते कोणाच्या तरी हुकमाचे हात होते. लिंबाखाली काय शिकवायचे, किती वेळ शिकवायचे, हे त्यांचे ते ठरवत होते आणि समोर मूल होते. कष्टांनी माणूस विटत नाही, आपले काम हिरावले गेले की विटतो.

येथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. सरांना निदान दरमहा पगार होता. उशिरा का होईना, पण होता. तिसऱ्या शिक्षकांची हकीगत ऐकली तर 'फुकट पगार' म्हणणाऱ्यांची जीभ अडखळेल. राज्य शासनाने २००१ मध्ये नव्या शाळांना 'कायम विनाअनुदानित' या अटीवर परवानगी देण्याचे धोरण घेतले. शाळा उभ्या राहिल्या, पोरे बसली, शिक्षकही नेमले गेले. पगाराची जबाबदारी मात्र शासनाने घेतली नाही. त्यातला 'कायम' हा शब्द २००९ साली निघाला. प्रत्यक्ष अनुदान येऊ लागले ते २०१६ पासून, आणि तेही वीस टक्क्यांच्या टप्प्यांनी. हे शिक्षक सकाळी शाळेत मराठी व्याकरण शिकवतात आणि सुट्टीच्या दिवशी मजुरीने कांदा काढायला जातात. टाळेबंदीत संस्थेकडून मिळणारे थोडेफारही बंद झाले. पदव्युत्तर पदवी आहे, बी.एड. आहे, आवड आहे. म्हणजे बियाणे अस्सल आहे. वय एकेचाळीस. लग्न पस्तिसाव्या वर्षी झाले, कारण मुलीचे वडील विचारत, "पगार किती?" त्यांच्या बोलण्यात मला राग सापडला नाही. राग असता तर बरे वाटले असते. सगळे बोलणे एका सुरात, जणू दुसऱ्याच कोणाची गोष्ट सांगत असल्यासारखे. रिते होणे म्हणजे काय, ते मी त्या दिवशी पाहिले.

शिक्षणसेवकांचेही थोडे असेच आहे. नेमणुकीनंतर तीन वर्षे ठरीव मानधन. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला २०२२ अखेरपर्यंत महिना सहा हजार रुपये मिळत आणि जानेवारी २०२३ पासून सोळा हजार झाले. सहा हजारांत घरापासून चारशे किलोमीटरवर खोली घेऊन राहणाऱ्या बावीस वर्षांच्या मुलीने 'खंबीर' राहावे, अशी आपली अपेक्षा होती! (महाविद्यालयांतील तासिका तत्त्वावरच्या अध्यापकांची गोष्ट मी येथे काढत नाही. वाचक सुज्ञ आहेत.)

आणि मृत्यूचे काय? कोविडच्या कामावर असताना मृत्यू आल्यास कुटुंबास पन्नास लाख रुपये देण्याची तरतूद महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये केली, ही चांगली गोष्ट. पण मृत्यू 'कामावर असतानाचा' ठरवायचा कोणी, या प्रश्नाशी ती अडते. उत्तर प्रदेशात एप्रिल २०२१ मधील पंचायत निवडणुकांच्या कामानंतर तेथील प्राथमिक शिक्षक संघाने १,६२१ मृतांची यादी दिली. तेथल्या शासनाने प्रारंभी मान्य केले ते तीन. टीका झाल्यावर नियम सैल करण्यात आला. एवढ्या मोठ्या दोन आकड्यांमध्ये जी पोकळी आहे, तिच्यात उरलेल्या शिक्षकांचे मन कसे राहत असेल?

आता ओलीविषयी. हवाई बेटांतील कवाई या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या संशोधिकांनी ती चाळिशीत येईपर्यंत माग ठेवला. दारिद्र्य, घरातील कलह, आईबापांचे आजार अशा खडतर परिस्थितीत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले पुढे चांगली, समर्थ, माणुसकी असलेली माणसे झाली. त्यांच्यात समान काय होते? अनेक गोष्टी होत्या. पण एक ठळक होती. त्या प्रत्येकाला निदान एक तरी मायेचा, भरवशाचा मोठा माणूस लाभला होता. आजी, मावशी, शेजारी, आणि कित्येकदा शिक्षक. म्हणजे आमच्यासारख्या मुलांच्या मुळाशी शिक्षक ही ओल आहे. मग शिक्षकाच्या मुळाशी कोण?

निवृत्त गुरुजींना मी हाच प्रश्न थोडा फिरवून विचारला. बहात्तरच्या दुष्काळात ते एकशिक्षकी शाळेवर होते. मुले आईबापांबरोबर खडी फोडण्याच्या कामावर गेलेली, पटावर चाळीस आणि वर्गात सात. गुरुजी त्याच गावात, मारुतीच्या देवळामागे एका खोलीत राहत. गावाला खायला नव्हते, त्या गावाने गुरुजींची भाकरी चुकवली नाही. कामावर मिळणारी सुकडी मुले पाटीवर घेऊन येत आणि गुरुजींच्या पुढे धरत. "मला गावाने धरले होते, मी कसला धरतो," असे ते म्हणाले. आजचे शिक्षक गावात राहत नाहीत, अशी गावाची तक्रार असते आणि मुख्यालयी राहण्याची अट सरकारी कागदांवर आहेच. पण बाईंना आमच्या वस्तीवर शौचालय असलेली खोली कोण देणार, त्यांच्या अकरावीतल्या मुलीने शिकायला कोठे जायचे, हे कोणी सांगत नाही. गाव आणि गुरुजी यांच्यातला तो जुना धागा तुटला आहे. त्याचा दोष एकट्या गुरुजींवर टाकणे सोयीचे असले, तरी खरे नाही.

गावाची जागा दुसरे कोणी घेऊ शकते काय? घेऊ शकते, असे वाटायला लावणारे एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, तेव्हा त्या त्रेपन्न वर्षांच्या होत्या. तेथे त्यांना येऊन मिळाल्या पस्तीस वर्षांच्या अनुताई वाघ. लहानपणी लग्न, लगेच वैधव्य, आणि मग शिक्षिकेची नोकरी असा अनुताईंचा प्रवास. पुढे १९५७ साली दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. वारली मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. आज देशभर रूढ असलेला 'अंगणवाडी' हा शब्द त्यांच्याच कामातून आला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. मुले न येणे, पैसे नसणे, आजार, उपेक्षा हे सारे वर्षानुवर्षे होते. ताराबाई १९७३ साली गेल्या. अनुताई १९९२ पर्यंत काम करत राहिल्या. त्यांच्या चरित्रांतून आपण त्याग तेवढा उचलतो. मला मात्र दुसरे दिसते. त्या दोघी होत्या. एकीचा प्रयोग फसला तर रात्री त्यावर बोलायला दुसरी होती. आणि काय करायचे हे त्यांना वरून कोणी कळवत नव्हते. पन्नाशी ओलांडल्यावर, १९६१ मध्ये, अनुताईंनी पदवी घेतली. विटलेला माणूस पन्नाशीत परीक्षेला बसत नाही.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यांनी त्याची अर्धी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. आम्हां मुलांना त्या दिवशी फार अभिमान वाटला. तरी एक भीती वाटते. एक शिक्षक जगात पहिला आला, की बाकीच्यांना "मग तुम्हांला का जमत नाही?" असे विचारणे सोपे होते. पुरस्काराने एका कणसाची मापे निघतात, रानाची नाही.

मग करायचे काय? मोठ्या गोष्टी आपल्या हाती नाहीत. रिकाम्या जागा भरणे, अनुदान देणे ही शासनाची कामे. पण काही गोष्टी स्वस्त आहेत. महिन्याला शिक्षण परिषद भरते. तिच्यात माहितीचे नमुने वाचून दाखवण्याऐवजी एक तास शिक्षकांनी आपापल्या अडचणी एकमेकांना सांगाव्यात आणि त्या तासाला साहेबांनी शेरेबुक मिटून बसावे. एकच माहिती चार ठिकाणी मागू नये. एकजण बाहेर गेला तर केंद्रातून दुसरा पाठवावा. मन फारच खचले तर 'टेलि-मानस' ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे आणि १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. मी भेटलेल्या चौघांपैकी एकालाही ती ठाऊक नव्हती. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण शाळेच्या भिंती रंगवतो. त्याऐवजी आठ दिवस माहिती भरण्याच्या कामाला बसलो, तर शिक्षक आठ दिवस निर्वेध शिकवतील. हे मी गंमत म्हणून लिहिलेले नाही.

संकटे तर थांबत नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात आणि सीनाकाठी पाण्याने घरेदारे गेली, आणि पुन्हा शाळांतच माणसे राहिली. त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, की निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या, सेवेतील शिक्षकांनीही दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण झाली पाहिजे. सर २००६ साली लागले. तेव्हा ही परीक्षाच नव्हती. त्यांचे वय आता सेहेचाळीस. मुलांना चांगला शिक्षक मिळावा याविषयी दुमत नाही, पण वीस वर्षे शिकवलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटले असेल, ते त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

त्या परीक्षेत दीडशेपैकी तीस गुण बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्राला असतात. त्यासाठी सरांनी माझ्या मानसशास्त्राच्या वह्या मागून घेतल्या आहेत. दर रविवारी दुपारी सर आणि बाई शाळेच्याच खोलीत घड्याळ लावून जुनी प्रश्नपत्रिका सोडवतात आणि मी तपासते. गेल्या रविवारी बाईंना चौऱ्याण्णव गुण पडले, म्हणजे त्या उत्तीर्ण. सरांना सहा कमी पडले. पियाजे आणि व्हायगॉट्स्की यांच्यात त्यांचा घोळ होतो. बाई म्हणाल्या, तुम्ही तो धडा चौथीला शिकवल्यासारखा मला शिकवा, मग राहील लक्षात. सर खडू घेऊन उठले.